तीन वेळा ‘दार बंद’

मी सूड घेतला, आणि तो नियमात बसवून घेतला. हे सुरुवातीलाच सांगते, म्हणजे पुढे कुठेतरी मी मोठ्या मनाची ठरेन अशी वाट वाचकाने पाहू नये.

प्रकरण एका पत्राचे आहे. एका सरकारी संशोधन संस्थेत समुद्राच्या पाण्याच्या रसायनावर काम करण्यासाठी प्रशिक्षणार्थींची भरती निघाली होती. लेखी परीक्षा मी उत्तीर्ण झाले होते. मुलाखतीचे पत्र टपालानेच येईल, ई-मेल किंवा फोन केला जाणार नाही, असे जाहिरातीत ठळक अक्षरांत छापलेले होते. त्या वेळी मी तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका रंगद्रव्याच्या कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. सकाळी सांडपाण्याचे नमुने, दुपारी कच्च्या मालाचे, संध्याकाळी पुन्हा सांडपाण्याचे. काम मला चांगले येत होते. पण दुसऱ्याच्या गटारातले पाणी नियमांच्या मर्यादेत आहे असे लिहीत आयुष्य काढण्यासाठी मी एमएस्सी केले नव्हते. त्या पदाला वयाची अट होती. माझ्याकडे दोनच संधी उरल्या होत्या: ही, आणि पुढच्या वर्षी भरती निघालीच तर ती.

पत्र आले नाही. मुलाखती होऊन गेल्या हे मला संस्थेच्या संकेतस्थळावरच्या यादीतून कळले. माझ्या क्रमांकापुढे ‘अनुपस्थित’ असे होते. मी संस्थेत फोन केला. तिथल्या बाईंनी शांतपणे पाठवलेल्या पत्राचा क्रमांक दिला आणि म्हणाल्या, “आमच्याकडून वेळेत गेलंय. परतही आलंय.” तो क्रमांक मी टपालाच्या संकेतस्थळावर टाकला. पत्र पालघरला पोहोचले होते, तिथून आमच्या टपाल कचेरीत आले होते, आणि मग लागोपाठ तीन दिवस एकच नोंद होती. दार बंद. दार बंद. दार बंद. चौथ्या दिवशी: प्रेषकाकडे परत.

आता आमच्या दाराबद्दल सांगावे लागेल. आम्ही मूळचे जळगावकडचे. पप्पा पंचवीस वर्षांपूर्वी इथल्या एका कारखान्यात ऑपरेटर म्हणून लागले, तेव्हापासून आम्ही बोईसरहून बेटेगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका बैठ्या चाळीत राहतो. प्रत्येक खोलीला पुढे एक दार आणि मागे मोरीशेजारी दुसरे. चाळीतले निम्मे पुरुष कोणत्याही आठवड्यात रात्रपाळीला असतात, म्हणजे दिवसा झोपतात. वर्गणीवाले, विमावाले, गॅसची शेगडी तपासायला आलो म्हणणारे, सगळे दिवसाच येतात आणि दार वाजवत राहतात. त्यावर चाळीने फार पूर्वी एक उपाय काढला. घरात रात्रपाळीचा माणूस झोपला असेल तर पुढच्या दाराला बाहेरून कुलूप लावायचे आणि बाकीच्यांनी मागच्या दाराने ये-जा करायची. आमच्याकडे कुलूप दिसले की घर रिकामे आहे असे कुणी समजत नाही. कुणीतरी झोपले आहे असे समजते, आणि ओळखीचा माणूस वळसा घालून मागे येतो.

त्या तीनही दिवशी पप्पा रात्रपाळीला होते. तीनही दिवशी दाराला कुलूप होते, आणि तीनही दिवशी पप्पा आत झोपलेले होते, आई मागे होती.

मी आणि पप्पा टपाल कचेरीत गेलो. कचेरीचे नाव लिहीत नाही. लहान आहे, एक काउंटर, आत दोन टेबले. पोस्टमास्तरांच्या खुर्चीमागे भिंतीवर एक ढाल लटकत होती, ‘शंभर टक्के वितरण’ अशी. त्या वर्षी टपालात सुधारणांचा जोर होता. जुना कायदा जाऊन नवा आला होता, काउंटरवर नवे सॉफ्टवेअर बसले होते, रजिस्टर्ड टपाल स्पीड पोस्टात विलीन व्हायच्या बेतात होते. पोस्टमनच्या हातात फोन आला होता आणि प्रत्येक पत्राचे काय झाले ते त्याच दिवशी त्या फोनमध्ये नोंदवायचे होते. संध्याकाळपर्यंत नोंद नसलेले पत्र वरिष्ठांच्या पडद्यावर लाल दिसे. आमच्या कचेरीत लाल कधीच दिसले नव्हते. म्हणून ढाल.

पप्पा रात्रपाळी करून तसेच आले होते. म्हणाले, “साहेब, तीन दिवस घरात माणूस होतं. मी स्वतः होतो.”

“दाराला कुलूप होतं की नव्हतं?” पोस्टमास्तरांनी विचारले.

“कुलूप होतं, पण ते—”

“झालं तर मग. काका, कुलपाच्या हातात पत्र देता येत नाही हो. त्याला सही करता येत नाही.”

रांगेतली माणसे हसली. पप्पाही थोडे हसले. रांग हसली की साहेबांसमोर उभा असलेला कामगार हसतो, तसे. ते हसू मी अजून विसरलेले नाही.

“पोस्टमनला ठाऊक आहे,” मी म्हणाले. “तो नेहमी मागे येतो. स्वयंपाकघराच्या खिडकीशी हाक मारतो.”

“मागच्या दारानं टपाल द्यायची पद्धत खात्यात नाही, मॅडम. तुमच्या गावाकडं असेल. आणि एवढ्या शिकलेल्या दिसता, तर ई-मेल वापरा की. पत्राच्या मागं कशाला लागताय?” मग माझ्या खांद्यावरून मागे पाहत: “पुढचा कोण? या.”

बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, “जाऊ दे. पुढच्या वर्षी बघू.”  मी मनात कामांची यादी करत होते.

प्रयोगशाळेत आम्हाला एक गोष्ट पहिल्याच महिन्यात कळते. नमुना न तपासता आकडा लिहिणारा माणूस सापडू शकतो, पण त्याला रागाने पकडता येत नाही. नोंदवहीने पकडता येते. खुर्चीत बसून टाकलेले रीडिंग जरा जास्तच नीटनेटके असते. माझ्या पत्राच्या तीन नोंदी तशाच होत्या. तीनही संध्याकाळी पाचच्या सुमाराच्या. टपाल वाटणारा माणूस तीन दिवस लागोपाठ पाच वाजता आमच्याच दारी कसा पोहोचेल? आमच्या चाळीत तो बारापर्यंत येऊन जातो.

मी माहिती अधिकारात अर्ज केला. माझ्या पत्राच्या या तीन नोंदी कोणी केल्या, एवढेच विचारले. उत्तर आले: आमच्या बीटच्या, म्हणजे आमच्या भागात टपाल वाटणाऱ्या, पोस्टमनच्या नावाने. मला नाव मिळाले. मी त्याच दिवशी तक्रार लिहिली. लेखी, मुद्देसूद, चार पाने, प्रत वरिष्ठांना. ती तक्रार लिहिताना मला जे समाधान मिळाले ते अजून आठवते, आणि त्याची लाज आता वाटते. पंधरवड्यात त्या पोस्टमनला चौकशी होईपर्यंत कामावरून दूर ठेवण्यात आले. तो खात्याचा पूर्ण नोकर नव्हता, ग्रामीण डाकसेवक होता. अशा माणसाला दूर ठेवायला फारसे काही लागत नाही. चाळीत टपाल यायचे बंद झाले. ज्याला पत्र हवे त्याने कचेरीत जाऊन रांग लावायची. शेजारच्या काकूंनी मला ऐकवले, “तुझ्या एका पत्रापायी सगळ्यांचीच गेली गं!”

एका दुपारी स्वयंपाकघराच्या खिडकीशी हाक आली. “टपाऽल नाय, ताई. मीच हाय.”

तो खिडकीबाहेर उभा होता, गणवेशाशिवाय. पस्तिशीचा असेल. तारापूरच्या पलीकडल्या एका मासेमारीच्या गावातला. घरी भाऊ होडीवर, आई वाळवणाच्या ओट्यावर, आणि हा एकटा शिकून टपालात आलेला. आईने मागचे दार उघडले. तो पायरीवरच उभा राहिला.

“माजं नाव लिवलंत तक्रारीत,” तो म्हणाला. “लिवा. तुमचं नुकसान झालंय, ते मला बी कळतं. पन एक सांगा. तुमच्या दाराचं कुलूप बगून मी कवा परत गेलोय?”

मी दारापर्यंत आले.

“सात वरसं हाय मी ह्या बीटला. कुलूप दिसलं का मला कळतं, काका झोपलेत. मी इकडं मागं येतो. मावशी पानी देतात. आनि मी लिवीन, दार बंद?”

टपाल कचेरीत पोस्टमास्तरांना हेच मी स्वतःच्या तोंडाने सांगितले होते. पोस्टमनला ठाऊक आहे, तो मागे येतो. ‘दार बंद’ हा शेरा आमची चाळ ओळखणारा माणूस लिहूच शकत नव्हता. तो फक्त त्याने लिहिला असणार जो कधी आमच्या दारापर्यंत आलेला नाही आणि ज्याने दिवसा रात्रपाळीवाल्यांकडे कुलूप असते एवढेच ऐकले आहे. निरीक्षण माझ्याच हातात होते. मी ते बाजूला ठेवले, कारण मला नाव मिळाले होते.

“मग ते तीन दिवस तुम्ही कुठे होतात?” मी विचारले.

“गावाला. नारळी पुनव होती ना. होड्या सोडायच्या, नारळ, मिरवनूक. दरवर्षी जातो.”

“रजेचा अर्ज?”

“तोंडी. मास्तरच म्हनले, जा रे, कागद कशाला, मी बगतो.”

“आणि टपालाचा फोन?”

“तो पोस्टात. चार वाजता जमा करायचा असतो. सुट्टीला घेऊन जायचा नाय.”

“पासवर्ड तुमचा एकट्याचा असतो ना?”

तो पहिल्यांदा हसला. “भिंतीवर लिवलाय. क्यालेंडरच्या मागं. समद्यांचा.”

आईने कपाळाला हात लावला. मी त्याला आत बोलावले, स्टुलावर बसवले आणि सरळ सांगितले की मी चुकले. कोणाच्या नावाने नोंद झाली हे विचारले. कुठून झाली आणि कोणत्या हाताने, हे विचारायला हवे होते. उपकरण आणि माणूस एकच समजणे ही माझ्या व्यवसायातली अगदी पहिल्या वर्षाची चूक आहे, आणि त्या चुकीपोटी हा माणूस अठरा दिवस घरी बसला होता.

“चुकलात तर चुकलात,” तो म्हणाला. “आता नीट नेम धरा, ताई. मागच्या बारीला मासा सोडून जाळंच फाडलंत.”

त्याची अडचण मला लगेच दिसली. ‘मी त्या दिवशी नव्हतो’ असे तो म्हणाला तर अर्जाशिवाय गैरहजर राहिल्याचा ठपका त्याच्यावरच येणार. ‘होतो’ म्हणाला तर खोट्या नोंदी त्याच्या. तोंडी रजा देणाऱ्याने दोन्ही बाजूंनी वाट बंद करून ठेवली होती. काउंटरवरचे ते हसणे मला पुन्हा ऐकू आले, आणि या खेपेला माझ्या रागाला योग्य पत्ता होता.

नेम नीट धरायला महिना लागला. मी आमच्या आणि शेजारच्या दोन चाळींत फिरले आणि त्या तीन दिवसांत कुणाची पत्रे अशी परत गेली ते विचारले. एकाचे कारखान्याचे नियुक्तिपत्र होते, एका म्हाताऱ्या बाईंच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेची तारीख कळवणारे पत्र होते, वाणगावहून नुकत्याच राहायला आलेल्या एका बाईंचे न्यायालयाचे समन्स होते. मी धरून अकरा जण झाले. दुसऱ्याच्या पत्राची माहिती मला मिळाली नसती. म्हणून एका रविवारी बसून मी अकरा अर्ज लिहिले आणि प्रत्येकाची सही त्याच्या अर्जावर घेतली. यावेळी प्रश्न एक नव्हता. नोंदीची नेमकी वेळ, नोंद करणाऱ्या फोनचा क्रमांक, आणि नोंद होताना फोन जिथे होता तिथले अक्षांश-रेखांश.

सुधारणा करणाऱ्यांनी एक गोष्ट मात्र उत्तम केली होती. तो फोन प्रत्येक नोंदीबरोबर आपली जागा लिहून ठेवत होता. ती जागा कुणी पाहत नव्हते, पण लिहिली जात होती. अकरा उत्तरांतल्या सगळ्या नोंदी पाच ते सव्वापाचच्या दरम्यानच्या होत्या, आणि सगळ्यांची जागा एकच: टपाल कचेरी. आमच्या चाळीपासून दीड किलोमीटर दूर. नारळी पौर्णिमेच्या मिरवणुकीचे चित्रण पोस्टमनच्या चुलत भावाच्या फोनमध्ये होते. त्यात हा डोक्याला फेटा बांधून ढोलाच्या पुढे नाचत होता, आणि चित्रणाची वेळ पाच वाजून आठ मिनिटे होती.

टपाल खात्याची अदालत भरते हे पुष्कळांना ठाऊक नसते. डाक अदालत म्हणतात तिला. वरिष्ठ अधिकारी एका दिवशी बसतात, तक्रारदाराला समोर बोलावतात, संबंधित कचेरीच्या प्रमुखालाही. पालघरला ती भरणार होती. मी रजा टाकली आणि एसटीने गेले. पप्पांना म्हटले, चला. ते आले नाहीत. म्हणाले, “तू बोलशील. मला तिथं बोलता येणार नाही.”

अदालतीला बसलेल्या अधीक्षकबाई मितभाषी आणि नजरेने तीक्ष्ण होत्या. मी अकरा उत्तरांचा माझा तक्ता पुढे ठेवला आणि वेळा व जागा वाचून दाखवल्या. बोलावून एका बाजूला उभा केलेला पोस्टमन त्या तीन दिवसांत कुठे होता हे मात्र मी एका शब्दानेही सांगितले नाही. मिरवणुकीचे चित्रण पिशवीत होते, ते मी बाहेर काढले नाही. हा निर्णय मी आदल्या आठवड्यातच घेतला होता.

पोस्टमास्तर सहज म्हणाले, “मॅडम, पावसाळ्यात ती जागा नीट लागत नाही. फोन काहीही दाखवतो.”

“मी माझ्या फोनवर पाहिलं आहे,” मी म्हणाले. “परतीच्या पावसातच, दहा वेळा, चाळीत आणि तुमच्या कचेरीच्या पायरीवर. फरक काही मीटरचा पडतो, दीड किलोमीटरचा नाही. आणि जागा चुकत असेल तर ती प्रत्येक वेळी चुकून तुमच्याच खुर्चीपाशी कशी जाते?”

मागे बसलेल्यांपैकी कुणीतरी हसले. पोस्टमास्तरांचा चेहरा बदलला. माणूस चिडला की स्वतःला वाचवण्यासाठी जवळचे पहिले हत्यार उचलतो.

“हे बघा, खरं सांगू का?” ते अधीक्षकबाईंकडे वळले. “तो पोस्टमनच बेजबाबदार आहे. ते तीन दिवस तो कामावरच नव्हता. न सांगता गावाला सणाला गेला होता. आम्ही सांभाळून घेतो, तर लोक आमच्याच अंगावर येतात.”

याच वाक्यासाठी मी गप्प बसले होते.

“तीनही दिवस नव्हता?” मी विचारले.

“एकही दिवस नव्हता!”

“तुम्ही सांभाळून घेत होतात, म्हणजे तो नाही हे तुम्हाला ठाऊक होतं. मग त्याच्या नावाने रोज पाच वाजता तुमच्या कचेरीतून नोंद कोण करत होतं?”

 अधीक्षकबाईंनी पेन खाली ठेवले आणि त्यांच्याकडे पाहत राहिल्या. पोस्टमास्तरांनी टेबलावरच्या माझ्या तक्त्याकडे पाहिले, जणू उत्तर तिथे छापलेले असेल. एका बाजूला उभ्या असलेल्या पोस्टमनने मान खाली घातली होती. मला वाटले तो घाबरला आहे. नंतर त्याने सांगितले, तो हसू दाबत होता.

“तुमची अपेक्षा काय आहे?” अधीक्षकबाईंनी मला विचारले.

मी ती टंकून आणली होती. पोस्टमनला कामावर परत घ्यावे आणि मधला काळ सेवेत धरावा. या कचेरीतून ‘दार बंद’ असा शेरा जाताना त्यासोबत त्या दाराचे छायाचित्र जोडले जावे. आणि या नोंदींची चौकशी पूर्ण होईपर्यंत अशा प्रत्येक दाराची दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तरांनी स्वतः, समक्ष जाऊन खात्री करावी.

पहिल्या दोन मागण्या सुधारणा होत्या. तिसरी सूड होती. तीही मी सुधारणेच्याच भाषेत लिहिली. ‘समक्ष’ हा शब्द मी फार विचार करून निवडला होता. अधीक्षकबाईंनी तिन्हींवरही खूण केली. तिसरीपाशी त्या क्षणभर थांबल्या आणि माझ्याकडे वर पाहिले. मला वाटते त्यांना कळले होते. पण ती मागणी तत्त्वतः चुकीची नव्हती, आणि सही झाली.

एरवी मी इथेच थांबले असते. पण मी थांबले नाही. मार्चचे ऊन सुरू झाले होते, आणि माझ्या डोक्यात एक कल्पना आली. मी स्वतःला एक स्पीड पोस्ट पाठवले, रिकामा कागद घालून. दाराला कुलूप असणारच, पोस्टमन त्याचे छायाचित्र काढेल, आणि दुसऱ्या दिवशी पोस्टमास्तर दीड किलोमीटर चालत येतील. दर आठवड्याला एक, असा माझा बेत होता.

पोस्टमन नेहमीसारखा खिडकीशी आला. पाकीट उलटसुलट पाहिले. “ताई, अक्षर तुमचंच. सोताच सोताला लिवलंय?”

मी बेत सांगितला.

“मी नाय लिवनार दार बंद,” त्याने पाकीट गजांतून आत सरकवले. “फोटोत कुलूप दिसंल खरं. पन कुलपाच्या मागं काकांचं घोरनं ऐकू येतंय, त्याचं काय करू? घ्या. सही करा.”

मी सही केली. तो गेल्यावर काही वेळ मी स्वतःवरच चिडले होते.

माझ्या मदतीची गरज नव्हती. औद्योगिक पट्ट्यात खरोखर बंद असलेली दारे पुरेशी असतात. आठवड्याच्या सुटीच्या दिवशी दुपारी मी मागच्या पायरीवर उभी असे आणि पोस्टमास्तर छत्री घेऊन, मानेवर रुमाल टाकून, दारांचे क्रमांक शोधत जाताना पाहत असे. चाळीतल्या बायकांना ते काउंटरवरचे बोलणे ठाऊक झाले होते. एकीने नळावरून विचारले, “मास्तर, कुलपानं केली का सही?” सगळा नळ हसला. त्यांनी ऐकून न ऐकल्यासारखे केले आणि चालत राहिले. मला हे पाहून बरे वाटले. वाटायला नको होते असे कुणी म्हणेल. मी म्हणणार नाही.

वर्ष उलटत आले. पुढची भरती कधी निघेल ते मी रोज पाहत होते. एका सोमवारी सूचना आली: या वर्षी प्रशासकीय कारणाने भरती होणार नाही. त्यापुढच्या भरतीला माझे वय अटीच्या पलीकडे जाते. मी ती सूचना दोनदा वाचली आणि प्रयोगशाळेत जाऊन सकाळचे नमुने लावले.

त्याच आठवड्यात पोस्टमास्तर आमच्याकडे आले. पुढे कुलूप होते. त्यांनी दार वाजवले नाही. वळसा घालून मागे आले. पप्पा नुकतेच उठून चहा घेत होते. त्यांनी उठून खुर्ची पुढे केली. “या साहेब, बसा.”

ते बसले. हातात एक छापील अर्जाचा नमुना होता. “दोन महिन्यांनी मी निवृत्त होतोय, काका,” ते म्हणाले. आताच्या ‘काका’त तेव्हाची धार नव्हती. “तक्रारदाराचं समाधान झालं, एवढी सही हवी आहे. मग प्रकरण मिटतं. नाहीतर चौकशी चालू असतानाच निवृत्त व्हावं लागेल. इतक्या वर्षांच्या नोकरीनंतर…” 

पप्पांनी माझ्याकडे पाहिले. “दे बेटा सही. माणूस दारात आलाय.”

मी नमुना घेतला आणि पोस्टमास्तरांना विचारले, “त्या तीन दिवसांत माझं पत्र कुठे होतं?”

“टेबलाच्या खणात.”

“उघडलं होतं?”

“नाही!” ते खरोखर दुखावले. “दुसऱ्याचं पत्र आम्ही कधीच उघडत नाही.”

“पाकिटावर संस्थेचं नाव छापलेलं होतं?”

“होतं.”

“आणि संस्थेतून मला कळलंय त्याप्रमाणे खाली लाल अक्षरांत, मुलाखतीचे पत्र, तातडीचे?”

ते पप्पांच्या कपाकडे पाहत राहिले.  मग म्हणाले, “होतं. पण त्या दिवशी पडदा लाल दिसला असता.”

ते खोटे बोलले असते तर कदाचित मी सही केली असती, कारण खोट्याची मला सवय झाली होती. ते खरे बोलले. माझे वर्ष एका बाजूला आणि त्यांचा पडदा दुसऱ्या बाजूला असे ठेवून त्यांनी निवड केली होती, पाकिटावरचे लाल शब्द वाचून.

नमुन्यावर ‘समाधान झाले आहे / नाही’ असे छापलेले होते. मी ‘आहे’ खोडले, खाली सही केली, तारीख आणि वेळ घातली, आणि फोनवर त्याचे छायाचित्र काढून कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वाचला, घडी घालून खिशात ठेवला आणि पप्पांना नमस्कार करून निघून गेले. पप्पा त्या दिवशी कामावर जाईपर्यंत माझ्याशी बोलले नाहीत.

मी मात्र त्या छायाचित्राच्या दोन प्रती छापून घेतल्या. दुसऱ्या दिवशी पालघरला जाऊन एक अधीक्षक कार्यालयात स्वतःच्या हाताने दिली आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का मारून घेतला. टपालाने पाठवली नाही.